कंबर पस्तीस

३ फेब्रुवारी

ही वही मी आपणहून सुरू केलेली नाही. नर्सबाईंनी सांगितलं, रोज काय खाल्लं, किती चाललात, कसं वाटलं, खरं खरं लिहा, कुणाला दाखवायचं नाही. कुणाला दाखवायचं नसेल तर खरं लिहायला हरकत नाही, म्हणून लिहितो.

आज आमच्या गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांची तपासणी होती, व्यापारी संघाच्या सभागृहात. मधुमेह झालाय का हे पाहायला नव्हे, होण्याचा धोका कुणाला किती आहे हे पाहायला. मला गंमत वाटली. न झालेल्या आजाराची तपासणी म्हणजे न शिवलेल्या कोटाची ट्रायल. हे मी रांगेत मोठ्यानं बोललो आणि पुढं उभा असलेला घड्याळजी हसला, त्यामुळे मला चेव आला.

एक फॉर्म भरायचा होता. वय, त्रेपन्न. त्यात काही करता येण्यासारखं नव्हतं. मग दिवसभराची हालचाल. मी शिंपी, दिवसभर माझा पाय मशीनच्या पायडलवर असतो, म्हणून ‘भरपूर’वर खूण केली. मशीनला तीन वर्षांपूर्वी मोटर बसवली आहे, पण ते त्यांनी विचारलं नव्हतं. आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह? नाही. आई ऐंशी वर्षं काटक राहिली. आबा हृदयानं गेले. शेवटी शेवटी जरा थकले होते, पायाला जखम होती, पण ती बुटातल्या खिळ्याची.

कंबर, पस्तीस. हे लिहिताना हात जरासुद्धा कापला नाही.

नर्सबाईंनी तरी टेप काढली. मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं मी हेच करतो. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला उभं कसं राहायचं ते माहीत असेल. मी उभा राहिलो. त्यांनी टेप बेंबीवरून नेली आणि म्हणाल्या, श्वास सोडा. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा लोकांना म्हणतो. मला कुणी म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं. सोडला. साडेअडतीस.

मी तिथंच वाद घातला. कंबर म्हणजे जिथं पँट बसते ती जागा, बेंबी नव्हे, हे साऱ्या जगातल्या शिंप्यांना ठाऊक आहे. (माझी पँट गेली दहा वर्षं पोटाच्या खाली बसते, हे खरं.) सगळे दुकानदार ऐकत होते. नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, “काका, पँट कुठं बसते ते मला नकोय. पोट कुठं आहे ते हवंय.”

घड्याळजी पुन्हा हसला. या वेळी मला चेव आला नाही.

शेवटी मला एक निळी चिठ्ठी मिळाली, उपाशीपोटी रक्त तपासून घ्या अशी, आणि एक कागदी टेप फुकट. मी शिंपी आणि मला कागदी टेप. चिठ्ठी शर्टाच्या खिशात टाकली, टेप खडूच्या खणात.

५ फेब्रुवारी

बटणाचा फोन आला. बटण म्हणजे माझी लेक. चार वर्षांची असताना तिनं कोटाचं बटण गिळलं आणि दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं परत केलं, तेव्हापासून ती बटण. आता पोस्टात नोकरी करते आणि तिला तिसरा महिना आहे. मी आजोबा होणार. हे वाक्य मी या आठवड्यात घड्याळजीला सहा वेळा ऐकवलंय.

ती दवाखान्यातून बोलत होती. तिथं तिचं कार्ड भरत होते, म्हणून घाईत विचारलं, बाबा, आपल्याकडे कुणाला साखरेचा आजार होता का? माझ्या तोंडात टाचण्या होत्या, समोर गिऱ्हाईक हात वर करून उभं. दातांतूनच सांगितलं, नाही, आपल्याकडे सगळे ठणठणीत. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

निळी चिठ्ठी सापडत नाही. शर्ट धुवायला गेला, त्यातच विरघळली असणार. एक पीडा टळली.

११ फेब्रुवारी

चालायला सुरुवात केली. घड्याळजी बरोबर असतो. त्याच्याही फॉर्मवर काहीतरी निघालंय पण तो सांगत नाही. आमचा रस्ता ठरलेला आहे, दुकानापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. तो दर शंभर पावलांवर घड्याळ बघतो. मी दर शंभर पावलांवर समोरून येणाऱ्यांच्या पँटी बघतो. अर्ध्या गावाची शिवण वाईट आहे.

आज चाळीस मिनिटं. घरी येऊन तीन पेले पाणी प्यालो. व्यायामानं तहान लागते, हे चांगलं लक्षण आहे.

२० फेब्रुवारी

खरं खरं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहितो. खडूच्या डब्यात खडू नाहीत. बिस्किटं आहेत. खडू मी खिशात ठेवतो. ही व्यवस्था दोन वर्षांची आहे आणि मला तिचा अभिमान होता, कारण शिंप्याचा खडूचा डबा कुणी उघडत नाही.

आज हिनं उघडला. ही म्हणजे बायको. ही ग्रंथालयात काम करते, कुठली वस्तू जागेवर नाही हे तिला लांबूनच कळतं. डबा उघडला, आत बघितलं, झाकण लावलं, जागेवर ठेवला. ओरडली असती तर मी सात प्रकारची उत्तरं तयार ठेवली होती. एकही वापरता आलं नाही.

जाताना एवढंच विचारलं, तुम्ही तपासणीला गेला होतात, त्यांनी काही कागद दिला होता का? मी म्हटलं, टेप दिली. खोटं नाही बोललो.

डबा रिकामा केला. म्हणजे आतलं संपवलं.

२ मार्च

मोठी बातमी. साडेपाच किलो उतरले.

औषधांच्या दुकानातल्या वजनकाट्यावर दोनदा चढून पाहिलं. दुकानदार म्हणाला काटा बरोबर आहे. महिनाही पुरा झाला नाही. आणि खोटं कशाला बोलू, बिस्किटं पुरती सुटलेलीही नाहीत. भूक तर राक्षसासारखी लागते. ही म्हणते दोन माणसांचं जेवता. जेवून वजन उतरतंय, म्हणजे चालणं किती जोरदार चाललंय बघा.

कंबर माझ्या टेपनं तेहतीस. पँट ढिली पडते, म्हणून आज दुपारी स्वतःच्या तीन पँटी उसवून आत घेतल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी कापड आत घेतलंय, नाहीतर आजवर सोडतच आलोय. मशीनवर बसून शीळ घालत होतो. मनात आलं, नर्सबाईंना जाऊन दाखवावं, बाई, हे बघा पोट कुठं आहे ते.

शाबास रे पठ्ठ्या.

फक्त जरा थकवा आहे. दुपारी कापड बेतता बेतता डोळे मिटतात. चालण्याचा असेल. आणि पाणी फार पितो, मशीनशेजारी मोठी बाटलीच ठेवली आहे. जितकं पितो तितक्या वेळा उठावं लागतं. हल्ली गिऱ्हाइकाला अर्ध्या मापात सोडून मागं पळतो. परवा एक गृहस्थ हात वर केलेल्या स्थितीतच सापडले, बिचारे.

९ मार्च

सुईत दोरा ओवायला आज अकरा खेपा लागल्या. दोऱ्याचा दर्जा घसरलाय. पूर्वी टोक कसं कडक असायचं. काळ्या कापडावर काळा दोरा, त्यात दिवा मंद. विजेवाल्याला बोलावून दिवा बदलून घेतला. तो म्हणाला, काका, हा पूर्वीच्याइतकाच आहे. मी म्हटलं, त्याहून मोठा लाव.

संध्याकाळी शाळेतल्या मास्तरांचा कोट ट्रायलला होता. डाव्या खांद्याला उजवी बाही लावली होती, उजव्याला डावी. म्हणजे दोन्ही बाह्या मागं वळलेल्या. मास्तर सभ्य माणूस, म्हणाले, नवी फॅशन का? मी म्हटलं, हो, पण तुम्हाला शोभत नाही, बदलून देतो.

हसून वेळ मारून नेली. पण घरी जायच्या आधी दोन्ही बाह्या उसवून ठेवल्या. बाही चुकणं ही माझ्यासारख्याची चूक नव्हे. माझ्या हातून ती कधीच झाली नव्हती. शिंप्याचं काय चालतं, हात आणि डोळे. हे कुणाला कळता कामा नये. उद्यापासून काळं कापड शक्यतो घ्यायचं नाही, सांगायचं की गर्दी आहे.

१४ मार्च

बोटाला सुई टोचली त्याला बारा दिवस झाले. एवढंसं भोक, पण भरत नाही. पट्टी बांधून काम करतो. सुया पण हल्ली कसल्या तरी येतात.

दोरा, दिवा, सुई. सगळा मालच बिघडलाय.

१८ मार्च

नीट लिहायला हवं.

आज बटण आली होती. पोट दिसायला लागलंय, पोस्टाच्या खिडकीमागं बसायला जुने कपडे होत नाहीत, म्हणून दोन सैल अंगरखे हवेत. मी म्हटलं तुझं माप घ्यायला नको, सगळं लिहून ठेवलंय, आधीच्या मापावर किती सोडायचं ते बघतो. ती हसली. बाबा, आधीच्या मापाला आता कोण विचारतंय. पण मी हट्टानं जुन्या वह्या काढल्या. आमच्याकडे मापाची वही कधी टाकत नाही. आबांच्या काळापासूनची चळत आहे.

तिचं पान शोधताना आबांचं पान निघालं. आबांनी लिहिलेलं नव्हे, मी लिहिलेलं. मी तेव्हा नुकता गादीवर बसलो होतो, आबांच्या पँटी मीच शिवायचो. आपल्या बापाचं माप आपण घेतोय याचं केवढं कौतुक होतं. तारखेसकट लिहिलंय, शाळकरी पोरासारखं.

कंबर एकोणचाळीस. पुढच्या उन्हाळ्यात एकोणचाळीस. मग साडेसदतीस. शेजारी लिहिलंय, ‘उजवा खिसा मोठा, पाण्याची बाटली मावावी.’ मग छत्तीस. ‘बटणं पांढरी आणि मोठी, काळी दिसत नाहीत.’ मग साडेतेहतीस. ‘डाव्या पायाची मोहरी चार इंच सैल, घोट्यापाशी पट्टी बांधलेली असते.’

आणि त्या साडेतेहतीसच्या पुढं, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून, ‘शाबास आबा’.

मी खुर्चीत बसलो. बटणानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, तुझं पान सापडत नाही. तिचं माप नव्यानं घेतलं.

ती गेल्यावर ही वही काढली आणि २ मार्चचं पान वाचलं. मग बाटली, मग दिवा, मग बोट. माझं अक्षर सुधारलेलं नाही, बाकी सगळं तेच आहे.

१९ मार्च

सकाळी दुकान न उघडता ताईला फोन केला. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आबा शेवटची तीन वर्षं तिच्याकडे असायचे, मी फक्त माप घ्यायला जायचो. सरळ विचारलं, आबांना साखर होती का?

पलीकडे तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “होती. फार होती. त्यांनी मला शपथ घातली होती.”

का, म्हणून विचारलं. तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. “तू नवा गादीवर बसला होतास. या शिंप्याच्या घरात डोळे जातात असं गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं, तर दुकान बसेल म्हणायचे. एकदा तुझा जम बसला की सांगू म्हणायचे. मग तेच गेले.”

जम बसून पंचवीस वर्षं झाली, ताई, मी म्हटलं. तर म्हणाली, तू कधी विचारलंस? आणि मग सहज, भाजी चिरता चिरता बोलावं तसं, मलाही सहा वर्षं गोळ्या चालू आहेत.

मी रडलो. त्रेपन्न वर्षांचा घोडा, चालू फोनवर रडलो. आबांसाठी रडलो, त्यांनी डोळ्यांचं झाकून ठेवलं ते माझ्या दुकानासाठी, आणि मी त्यांना बारीक झाल्याबद्दल शाबासकी दिली. ताई म्हणाली, पुरे आता, तू तपासून घे. आणि बटणाला सांगितलंस का?

बटणाला मी सांगितलंय. आपल्याकडे सगळे ठणठणीत, असं सांगितलंय.

२० मार्च

आज काय केलं ते लिहायला लाज वाटते, म्हणून आधी तेच लिहितो. बटणाला फोन केला. तिनं उचलला. मी विचारलं, अंगरख्याला निळा रंग चालेल का? ती म्हणाली, चालेल. मी म्हटलं, ठीक आहे. आणि ठेवला.

दुपारी खडूच्या खणातून ती कागदी टेप काढली आणि माझ्या टेपच्या बाजूला अंथरली. माझी टेप म्हणजे आबांची. कापडी, दोन्ही टोकांना पितळ. हीच टेप चालवायची, असा माझा मान होता. नर्सबाईंची टेप जिथं सव्वाछत्तीस दाखवते, तिथं आमची पस्तीस. ओढून ओढून ताणली गेली आहे. लोखंडी पट्टीनंही ताडून पाहिलं. पट्टी नर्सबाईंच्या बाजूनं आहे.

एकतीस वर्षांत कुणाचा एक कपडा घट्ट झाला नाही की ढिला झाला नाही. कसा होईल, ज्या टेपनं अंग मोजलं त्याच टेपनं कापड मोजलं. आमचं खोटं अंगावर चपखल बसत आलं, म्हणून ते कुणाला कळलं नाही. मला तर नाहीच.

संध्याकाळी जेवायला बसलो तर ताटाशेजारी निळी चिठ्ठी. इस्त्री करून सपाट केलेली. मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, धुण्यात सापडली होती, चालू पुस्तकात खूण म्हणून ठेवली होती, आज पुस्तक संपलं. दीड महिना ठेवली होती. मी विचारलं, तू बोलली का नाहीस? म्हणाली, “चारदा विचारलं. तुम्ही टेप, दिवा आणि सुईबद्दल सांगितलंत.” मग भाजी वाढत म्हणाली, “मीही चुकले. हात धरून न्यायला हवं होतं. उद्या सकाळी काही खायचं नाही. मी रजा काढली आहे.”

२२ मार्च

उपाशीपोटी दोनशे बेचाळीस.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बटणाच्याच वयाच्या. कागद पाहत त्यांनी प्रश्न विचारले. तहान, लघवी, थकवा, अंधूक दिसणं, जखम. मी प्रत्येकाला मान डोलावत होतो, दुकानात गिऱ्हाईक डोलावतं तशी. मग माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एकच होतं ते सांगितलं. म्हटलं, डॉक्टर, पण मी सात किलो कमी केलेत. चालून.

“तुम्ही नाही केलेत, काका,” त्या म्हणाल्या. “अंगात साखर वापरली जात नाहीये, ती लघवीवाटे चाललीय. अंग उपाशी राहून झिजतंय.” मग माझं तोंड पाहून म्हणाल्या, चालणं मात्र चांगलं आहे, ते सोडू नका. ते चार-पाच वर्षांपूर्वी सुरू केलं असतं तर आणखी चांगलं झालं असतं.

मी विचारलं, आमच्या वडिलांना हे होतं, म्हणजे मला होणारच होतं का? त्या म्हणाल्या, होणारच होतं असं नाही. वय आणि वडील तुमच्या हातात नव्हते. पोट, बसून काम, खाणं, हे होतं. आणि वडिलांचं माहीत असतं, तर बाकीच्याकडे लवकर लक्ष गेलं असतं. माहीत असण्याचा उपयोग तेवढाच, पण तो मोठा आहे.

गोळ्या दिल्या. डोळ्यांचं म्हणाल्या, साखर ताब्यात आली की धूसरपणा बहुतेक निवळेल, पण आतला पडदा तपासून घ्यायचा, आणि पाय रोज बघायचे. मी मोजे काढून दाखवले. दोन्ही पाय चांगले आहेत. एवढं बरं वाटलं की हसू आलं.

बाहेर पडल्यावर ही म्हणाली, परवा बटणाची तपासणी आहे. एवढंच म्हणाली.

२४ मार्च

बटणाबरोबर तिच्या दवाखान्यात गेलो. तिला वाटलं आजोबांना हौस आली. रांगेत बसल्या बसल्या तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा निळ्या कापडाबद्दल बोललो. शेवटी टेबलाशी बसलेल्या नर्सनं कार्ड उलटून वाचलं, कुटुंबात मधुमेह नाही, म्हणजे साखरेची तपासणी दोन महिन्यांनी. आणि शिक्का उचलला.

“ते खोडा,” मी म्हटलं.

नर्सनं वर पाहिलं. मी म्हटलं, “आजोबांना होता. आत्याला आहे. मला आहे.” आवाज दुकानात ‘छाती चाळीस’ म्हणतो तसा निघाला, सबंध खोलीला ऐकू गेला. नर्सनं शिक्का खाली ठेवला आणि म्हणाली, मग आजच तपासू.

बटण माझ्याकडे बघत नव्हती. साखरेचं पाणी प्यायला दिलं, दोन तास बसायचं होतं. पहिला तास मीच बोललो. आबांचं मी सगळं सांगितलं, बाटलीचं, पांढऱ्या बटणांचं, शाबासचं. माझंही सांगितलं. मग ती म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा.”

मी म्हटलं, तोंडात टाचण्या होत्या.

“टाचण्या काढता येतात.”

तिच्या पोटात माझं नातवंड आहे आणि मी त्याला सर्वांत आधी काय दिलं असेल, तर एक खोटी खूण.

२९ मार्च

चार दिवस बटणाचा फोन नाही. जावईबापूंचा आला, आदरानं बोलले, म्हणजे घरी माझ्याबद्दल चांगलं बोलणं चाललेलं नाही.

खडूच्या डब्यात खडू आहेत.

घड्याळजीला सांगून टाकलं. तो चालता चालता थांबला, घड्याळ न बघता. म्हणाला, मलाही निळी चिठ्ठी मिळालीय, पाकिटात आहे. मी म्हटलं, काढ. अर्ध्यातून परत फिरलो आणि प्रयोगशाळेची वेळ विचारून आलो. मास्तरांनाही सांगितलं की कोटाच्या वेळी मला दिसत नव्हतं. दुकान बसेल म्हणून मनाची तयारी केली होती. मास्तर म्हणाले, मग आता दिसतंय ना, अजून एक पँट शिवायचीय.

४ एप्रिल

बटणाच्या तपासणीचा निकाल आला. साखर वर आहे. फार नाही, पण आहे.

फोन बटणाचाच होता. तिनंच समजावलं. बाळ व्यवस्थित वाढतंय. खाणं ठरवून दिलंय, रोज चालायचं, दर आठवड्याला तपासायचं, बहुतेक एवढ्यानंच भागेल असं डॉक्टर म्हणाले. म्हणाले, वेळेवर सापडली. दोन महिन्यांनी सापडली असती तर बाळावर तेवढे दिवस भार पडला असता.

मी म्हटलं, बटणा, माझं चुकलं. ती म्हणाली, हो. पण शिक्का पडायच्या आधी बोललात. मग तिनं विचारलं, तुमच्या चालण्याचा रस्ता कुठला? पाण्याच्या टाकीपर्यंत, मी म्हटलं. ती म्हणाली, सुट्टीच्या दिवशी मी येते.

७ एप्रिल

आज ती आली. घड्याळजी, ती आणि मी, तिघं टाकीपर्यंत जाऊन आलो. ती आमच्यापेक्षा भरभर चालते, पोटासकट.

परत आल्यावर दुकानात बसली आणि मापाची चालू वही चाळत राहिली. म्हणाली, बाबा, यात सगळी गल्ली आहे, तुमचं पान कुठाय? माझं पान कधीच नव्हतं. शिंपी स्वतःचं माप लिहीत नाही, ते त्याला ठाऊक असतं.

तिनं मला उभं केलं. आबांची टेप माझ्या गळ्यात होती ती काढून बाजूला ठेवली आणि खणातली कागदी घेतली. मी सवयीनं पोट आत ओढलं. तिनं टेप बेंबीवरून नेली, वाट पाहिली, आणि म्हणाली, “श्वास सोडा, बाबा.”

सोडला. साडेछत्तीस.

तिनं नवं पान काढून वर ‘बाबा’ लिहिलं, खाली आकडा. मग पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे बघत म्हणाली, पुढं शाबास लिहू का?

म्हटलं, नको. तारीख लिही.